दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं पत्र

न्युरेम्बर्ग
८ फेब्रुवारी २०२५

चि. विभा,

यापुढे 'अनेक आशीर्वाद' लिहायचं असतं. पण जिच्याशी तीन वर्षं बोलणं नाही, तिला आशीर्वाद द्यायचे म्हणजे जरा अतीच होईल. तेवढी जागा मोकळी सोडते. हवे असतील तर तूच भरून घे.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस. फोन लावला तर उचलत नाहीस. राहता राहिलं पोस्ट. तिकिटं आणायला गेले तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काय पाठवायचंय? म्हटलं, पत्र. "पत्र? म्हणजे हाताने लिहिलेलं?" असं म्हणून तिने माझ्याकडे इतक्या काळजीने पाहिलं की मला वाटलं, आता ही खुर्ची देते.

भांडायला लिहीत नाही. एक चूक सापडली आहे, ती सांगायला लिहिते. पण ती सिनेमाच्या शूटिंगवरून सापडली, म्हणून आधी सिनेमाचं सांगते. इथे एक विनोदी सिनेमा निघतोय, बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांवर. तेव्हा इथल्या पोरांनी इंग्रजीची नक्कल सोडून आपल्या भाषेत गायला सुरुवात केली होती. 'नवी जर्मन लाट' म्हणायचे त्याला. खेळण्यातला कीबोर्ड, टकटक करणारं ढोलाचं यंत्र आणि त्यावर कोऱ्या चेहऱ्याने, सपाट आवाजात काहीही बोलायचं. ती पोरं आता सत्तरीला आली. त्यांच्या मुलांना त्या दिवसांचं भारी कौतुक, म्हणून सिनेमा. शेजारच्या फ्युर्थ गावातल्या एका बंद कारखान्यात जुना क्लब उभा केला आहे. मलाही बोलावलं होतं, त्या काळची बाई म्हणून, माहिती विचारायला.

तिथे स्टेजवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, JA JA JA. मी फोटो काढला. गेल्या रविवारी कादंबरीकडे हळदीकुंकू होतं. ही इथल्या मराठी मंडळातली, इंजिनिअर आहे. तिची आई, यमुनाबाई, नुकत्याच सांगलीहून आल्या आहेत. मी सगळ्यांना फोटो दाखवत होते, तर यमुनाबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "अहो मनोरमाताई, आलेल्या माणसाला तोंडावर 'जा' म्हणतात होय इथे? आणि तेही तीनतीनदा?"

सगळ्या हसल्या. कादंबरी म्हणाली, "आई, ते 'जा' नाही गं. लिहायचं जे आणि म्हणायचं य. 'या' म्हणजे हो."

"मग 'हो' लिहावं की सरळ," यमुनाबाई म्हणाल्या.

मी मात्र हातात तिळाची वडी घेऊन तशीच उभी राहिले. विभा, हे गेले त्याच्या चौथ्या दिवशी तू इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतंस, 'Tai mi yeu ka?' आणि मी उत्तर दिलं होतं, 'ja'. चाळीसेक वर्षं इथे काढल्यावर बोटांना तीच सवय. मी हो म्हटलं होतं गं. तू 'जा' वाचलंस.

मी तुझी वाट पाहिली. तेराव्यापर्यंत पाहिली, पुढे महिनाभर पाहिली. मग मनात म्हटलं, विचारून न येणारी ही कसली बहीण. आणि तू तिकडे म्हणत असशील, नवरा गेला तरी हिचा ताठा गेला नाही. दोन अक्षरांपायी तीन वर्षं गेली. आता कळलं ना? चूक तुझी नाही, माझी नाही. मे महिन्यात इथे हवा छान असते. तेव्हा ये.

तुझी,
ताई


न्युरेम्बर्ग
५ मार्च २०२५

चि. विभा,

तुझं कार्ड मिळालं. पन्नास पैशांचं कार्ड पाकिटात घालून परदेशी पाठवणारी तू जगात एकटीच असशील. मजकूर चार ओळींचा, तो मला पाठ झालाय: 'ja म्हणजे हो, हे मला पंधरा दिवसांतच कळलं. माझी विद्यार्थिनी निशिगंधा जर्मन शिकते, तिने सांगितलं. मी येऊ का विचारलं होतं. ज्याला आपलं माणूस हवं असतं तो ये म्हणतो, हो म्हणत नाही.'

दोन दिवस मी तुझ्यावर मनसोक्त चिडले. एक उत्तर लिहून फाडलं. त्यात तुझा सगळा इतिहास काढला होता, पार माझी हिरवी रिबिन तू मांजरीला बांधलीस तिथपर्यंत. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना मला एक गोष्ट आठवली आणि माझा राग निवळला. तू आली नाहीस, तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी आधी, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

हे तुला आवडणार नाही. मलाही लिहायला आवडत नाही. पण लिहायचंच म्हटलं तर नीट लिहिते.

तू आली असतीस तर पहिल्या दिवशीच पदर खोचून माझी कपाटं आवरायला घेतली असतीस. ह्यांच्या कोटांचं कपाट उघडलं असतंस. त्याच्या तळाशी एक रेकॉर्ड आहे. छोटी, दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली. नवरा जाऊन चार दिवस झाले होते आणि मला त्या कपाटाची भीती वाटली. म्हणून 'ये' न लिहिता नुसतं हो लिहिलं आणि फोन उपडा ठेवला.

त्या रेकॉर्डवर माझा आवाज आहे.

हसून घे. मी थांबते.

शाळेच्या समूहगीतात बाई तुला पहिल्या रांगेत उभं करायच्या आणि मला शेवटच्या. मला सांगायच्या, "मनोरमा, तू नुसतं तोंड हलव." सात वर्षं मी तोंड हलवलं. पुढे लग्न होऊन इथे आले, लांगवासर वस्तीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. १९८२ सालच्या सप्टेंबरात बटाटे आणायला तळघरात उतरले. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक खण असतो, केलर म्हणतात. शेजारच्या खणात दुसऱ्या मजल्यावरची उटे आणि तिचे दोन मित्र कीबोर्ड घेऊन बसले होते. उटे तेव्हा नर्सिंग शिकत होती, केस निम्मे हिरवे. म्हणाली, तुझ्या भाषेत काहीतरी बोल. काहीही. मी बोलले. तिघंही उठून उभी राहिली. उटे म्हणाली, "गेनाऊ! अगदी हाच! हाच आवाज! काही भावनाच नाही त्यात, स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तसा!"

विभा, तिने ते कौतुकाने म्हटलं होतं. ज्या आवाजापायी मी सात वर्षं नुसतं तोंड हलवत उभी राहिले, त्या आवाजाला कुणीतरी म्हणत होतं की आम्हाला असाच हवा होता. तिथे गाता येणं म्हणजे उलट अडचण. मला किती आनंद झाला ते तुला कळणार नाही. तुला गाता येतं.

ह्यांना सांगितलं, तर विचारलं, "तू गातेस?" म्हटलं, गात नाही, बोलते. "मग ठीक आहे," म्हणाले आणि पुढच्या खेपेला स्पीकर स्वतः उचलून नेला. युवक केंद्रात, एका शाळेत, एकदा बिअरच्या जत्रेत, असे सात कार्यक्रम झाले. मी काळ्या पँटवर नऊवारीची काठपट्टी शिवून घालायची आणि हलायची नाही. लोक वेड्यासारखे नाचायचे. रेकॉर्डच्या पाचशे प्रती काढल्या. मग ध्रुव पोटात राहिला, उटेला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि सगळं संपलं. त्यातली एक प्रत सिनेमावाल्यांना जुन्या बाजारात सापडली. तेच गाणं त्यांना सिनेमाच्या शेवटी घ्यायचं आहे. मला बोलावलं ते त्यासाठी. मागच्या पत्रात माहितीसाठी म्हणाले, ते अर्धंच खरं होतं.

तुला का नाही सांगितलं? घरात गाणारी तू होतीस. तुझी पेटी बंद झाली आणि रेकॉर्ड निघाली माझी, तीही दोन मिनिटं चाळीस सेकंद न गाता. हे पत्रात कसं लिहायचं ते मला जमलं नाही. आधी या दिवाळीला सांगू, मग पुढच्या, असं करत राहिले. ध्रुवलासुद्धा आत्ता, सिनेमावाल्यांचा फोन आला तेव्हा कळलं. तो इंगोलश्टाटहून गाडी काढून आला, रेकॉर्ड हातात घेतली आणि जर्मनमध्येच म्हणाला की आई, तू मला लहानपणी ड्रम का घेऊ दिला नाहीस?

एवढंच होतं. आता सगळं सांगून झालं. मे महिन्याचं काय ते कळव.

तुझी,
ताई


न्युरेम्बर्ग
४ एप्रिल २०२५

चि. विभा,

या वेळी कार्डावर एकच ओळ: 'बाकी सगळं लिहिलंस, काय बोललीस तेवढं लिहिलं नाहीस.'

तू लहानपणीही अशीच होतीस. मी चार लाडू खाऊन डबा हलवून सारखा करायची आणि तू आल्या आल्या म्हणायचीस, कितवा?

सांगते.

परवा पुन्हा शूटिंगला गेले होते. माझं काम करणारी मुलगी कोलोनची आहे, आईवडील श्रीलंकेतल्या जाफन्याचे. चोवीस वर्षांची, गोड आहे, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ उंच. मराठीचा एक शब्द येत नाही, पण ऐकून ऐकून सगळं पाठ केलंय, अगदी माझ्या खोकल्यासकट. ती माझ्याजवळ वही घेऊन आली आणि म्हणाली, "आल्झो, बरं का, मी काय बोलतेय ते तरी मला सांगा. चेहरा कोरा ठेवायचा, पण कशावर कोरा ठेवायचा ते कळायला हवं ना?"

दिग्दर्शक आला, कॅमेरावाला आला, सगळे गोळा झाले. मी एकेक ओळ जर्मनमध्ये सांगायला लागले. 'गॅस संपला, नेमके पाहुणे जेवायला असताना.' सगळे हसले. 'मनी व्याली. चार पिल्लं आहेत. त्यातल्या दांडगटाला तुझं नाव ठेवलंय.' त्यावर तर दिग्दर्शकाने टाळ्याच वाजवल्या. इतके दिवस हा माणूस हे गाणं ऐकतोय आणि त्याला वाटत होतं मी काही मंत्र म्हणतेय.

आता तुला कळलं असेल.

तुझं पत्र होतं ते, विभा. सप्टेंबर ब्याऐंशीचं. त्या दिवशी दुपारी आलं होतं, पोळ्या करत होते म्हणून न उघडता स्वेटरच्या खिशात टाकलं आणि बटाटे आणायला खाली गेले. उटे म्हणाली, काहीही बोल. मला सुचेना. तोंड हलवायची सवय, बोलायची नाही. मग ती म्हणाली, काहीतरी वाच तरी. खिशात तेवढंच होतं. तिथेच पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. यंत्र चालू, टेप चालू. पहिल्या वाचनाचीच टेप पुढे रेकॉर्डवर गेली. उटेच्या मते पुन्हा तसं जमलं नसतं.

पुढच्या ओळी रेकॉर्डवर अशा आहेत: 'बुवा घरी आले होते. म्हणाले, हिला पुण्याला पाठवा, गळा आहे. बाबा म्हणाले, आता हिचं लग्नाचं बघतोय. गुरुवारी त्यांनी पेटी माळ्यावर ठेवली. दोघं दिवाळीला या. या. नक्की या.' ते शेवटचं 'या' पोरांना त्यांचं 'हो' वाटलं. त्यांनी तेच कापून पुन्हा पुन्हा जोडलं आणि गाण्याचं नाव ठेवलं JA JA JA. तू बोलावत होतीस आणि लोक हो हो म्हणून नाचत होते.

त्या मुलीने 'पेटी माळ्यावर ठेवली' या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "आणि इथे?" मी म्हटलं, असंच काहीतरी घरातलं. लोणचं वगैरे. तिने वहीत लोणचं लिहून घेतलं.

घरी आले आणि जेवण गेलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा तेच केलं होतं. तुझ्या पत्रात एकच मागणं होतं. बाबांनी तुला पुण्याला गाणं शिकायला जाऊ द्यावं, म्हणून मी त्यांना लिहावं. मी त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. बाबांनाही नाही आणि तुलाही नाही. बाबांची भीती वाटली. ते म्हणाले असते, परदेशी जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि आम्हाला शिकवते. हे एक कारण. दुसरं कारण असं की उत्तर लिहायला बसले की कानात ते यंत्र टकटक करायचं. ज्या पत्रावर मी शंभर माणसं नाचवली, त्याला उत्तर काय लिहू? म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर तुझ्या लग्नाची पत्रिका आली. मी अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. फार सुंदर कार्ड होतं ते.

माझी चूक आहे, विभा. दोन अक्षरांची नाही, पुऱ्या पत्राची. मला क्षमा कर, असं लिहिते आहे. आतापर्यंत कुणाला लिहिलेलं नाही, त्यामुळे चुकलं असेल तर सांभाळून घे.

काल सकाळी परत कारखान्यावर गेले आणि त्या मुलीला लोणचं खोडायला लावलं. खरं काय ते सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "आता मला कोरा चेहरा जमेल."

त्यांच्या ऑफिसचा एक फॉर्म माझ्याकडे आहे. त्यात शब्द कुणाचे ते लिहायचं आहे. रेकॉर्डच्या पाकिटावर तेव्हा शब्दांपुढे 'मानो' असं माझं नाव छापलंय, आणि ते छापू दिलं मी. फॉर्म अजून कोरा आहे. मी त्यांना सांगून आले की शब्द माझ्या बहिणीचे आहेत आणि ती नाही म्हणाली तर गाणं सिनेमात जाणार नाही. त्यांना मेअखेर कळायला हवं. शेवटचा सगळा प्रसंग त्या गाण्यावर बांधलाय, त्यामुळे ते माझ्यावर नाराज आहेत. असू देत.

सोबत पेनड्राइव्ह आहे. ध्रुवने भरून दिला. निशिगंधाला लावायला सांग. ऐकून मग ठरव. नको असेल तर तेवढंच लिही, 'नको'. तुझी चार ओळींची कार्डं मला आवडायला लागली आहेत.

ताई


फलटण
२४ एप्रिल २०२५

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग नाही, डिसेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुला ठाऊक नाही, कारण आपण बोलत नव्हतो.

कार्डावर मावणार नाही म्हणून कागद घेतला. पेनड्राइव्ह बुधवारी आला. क्लासच्या वेळीच आला, त्यामुळे निशिगंधाने लॅपटॉपला लावला तेव्हा आठ पोरी बसल्या होत्या. गॅस संपला, याला त्या हसल्या. मीही हसले. पाहुणे कोण होते आठवतं का? सातारचे काका, सहा माणसं घेऊन. तुझा आवाज अजिबात बदललेला नाही. बाई तुला तोंड हलवायला सांगायच्या ते बरोबरच होतं, पण हे त्यांनी ऐकायला हवं होतं. धाकट्या दोघी उठून नाचायला लागल्या. मी त्यांना बसवलं नाही.

आता तुझ्या अपराधाचं बघू. तुझ्या एका पत्रावाचून माझं गाणं गेलं, असं तू त्रेचाळीस वर्षं धरून बसली आहेस. केवढा गं तुझा मोठेपणा! लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाई स्वतः जाऊन बाबांच्या माळ्यावरून पेटी घेऊन आल्या. बाबा काही बोलू शकले नाहीत. विहीणबाईंपुढे कोण बोलणार? पुढे अकरा वर्षं दर शनिवारी एसटीने पुण्याला जात होते, लेक अहिल्या कडेवर असतानासुद्धा. रेडिओवर दोनदा गायले. आतापर्यंत शंभराच्या वर पोरी शिकवल्या. यातलं तुला काही कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि मला तुला ते कळू द्यायचं नव्हतं. तू तिकडे वाईट वाटून घेत असशील तर घेऊ दे, असं मला वाटायचं. हा माझा अपराध. म्हणजे फिट्टंफाट झाली असं नाही. त्या वर्षी दिवाळीपर्यंत मी रोज पोस्टमनची वाट पाहिली. तुझ्या हातचं पाकीट यायचं आणि आत सगळ्यांची खुशाली असायची, माझ्या प्रश्नाला उत्तर नसायचं. ते दुखलं. अजूनही दुखतं. त्यावर तुझी क्षमा चालेल का म्हणशील, तर चालेल. पहिल्यांदा मागते आहेस त्या मानाने बरी मागितलीस.

फॉर्मवर माझं नाव घाल. आडनाव माहेरचं लिही, तेव्हा तेच होतं.

व्हिसाला तुझ्याकडून निमंत्रणाचं काहीतरी सरकारी पत्र लागतं म्हणे. ते पाठव. मे जमणार नाही, डॉक्टर अजून जिने चढू देत नाहीत. ऑगस्टमध्ये येते. आल्यावर कपाटं आवरणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

आणि एक. ते पत्र मी तीनदा कच्चं लिहून मग पक्कं केलं होतं, म्हणून मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. 'पेटी माळ्यावर ठेवली' याच्यानंतर एक ओळ होती. 'ताई, तू लिहिलंस तर बाबा ऐकतील.' ती ओळ रेकॉर्डवर नाही. तुझ्या पत्रातही तू तिथून सरळ 'दोघं या' वर गेलीस, तुझ्या लक्षातही आलेलं दिसत नाही. पोरींना काही कळलं नाही, निशिगंधालाही नाही. मी तिला तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. सहा वेळा ऐकलं. यंत्र टकटक करत पुढे जातं आणि तू थांबतेस. मी बोटांवर मोजल्या, चार मात्रा. त्यात तू श्वास घेतेस, आणि तो नीट लागत नाही.

तू वाचून बाजूला टाकलंस, असं मी आजवर समजत होते. तुला ते मोठ्याने वाचताच आलं नव्हतं.

सिनेमावाले रिकाम्या जागा कापतात म्हणे. तुझं तिथे जाणं-येणं आहे, तर जाऊन सांग. त्या चार मात्रा कापू द्यायच्या नाहीत.

तुझी,
विभा